चंचुपात्र : वटवाघळांची गुहा, सल्फाची पुडी आणि कासेकी आजोबा

मागच्या अंकात ओघात लिहून गेलो, की सध्या रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि नात मिळून ‘डॉक्टर स्टोन’ बघतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की पाणी शुद्धीकरणाचा ठरलेला विषय पुढच्या खेपेवर ढकलला. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी प्राध्यापक नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३४ वर्षं सहायक होतो. द्रावणं करायची, बाटल्यांना लेबलं लावायची, मुलांनी फोडलेल्या काचेची वहीत नोंद करायची. उत्तरंही तशीच येतील, फळ्यापुढून नाही, मोरीजवळून.

प्रश्न : आमचे चिरंजीव आठवीत आहेत. अभ्यास सोडून ‘डॉक्टर स्टोन’ बघतात आणि रागावलं की “हे सायन्सच आहे” म्हणतात. हे नेमकं आहे काय आणि त्यात खरं किती? (एक आई, फलटण)

ताई, पोरगा अगदीच थाप मारत नाहीये. ही मुळात जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. लिहिली रिइचिरो इनागाकी यांनी, चित्रं बोइची यांची. हे चित्रकार मूळचे दक्षिण कोरियाचे. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात मार्च २०१७ ते मार्च २०२२ अशी पाच वर्षं, २३२ प्रकरणं चालली. जुलै २०१९ पासून तिची ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका सुरू झाली आणि तुमचा मुलगा बघतो ती तीच.

गोष्ट अशी. एक दिवस हिरवा प्रकाश येतो आणि पृथ्वीवरचा माणूस न् माणूस दगडाचा होतो. शहरांवर रान चढतं. ३,७०० वर्षांनी सेन्कू इशिगामी नावाचा, वयाने कॉलेजलाही न पोचलेला पोरगा त्या दगडातून बाहेर पडतो. जवळ चिंधीही नाही, डोक्यात मात्र सगळी पाठ्यपुस्तकं. मग तो दगडाच्या हत्यारांपासून सुरुवात करून साबण, लोखंड, काच, औषध, वीज असं एकेक करत निघतो.

माणूस दगड होणं ही परीकथा. तेवढी एकदा गिळली, की पुढचं बरंचसं पक्क्या पायावर आहे. मालिकेला कुरारे या नावाचे विज्ञान-सल्लागार होते. भागाच्या सुरुवातीला एक पाटीही येते, की कथा काल्पनिक असली तरी वनस्पती, प्राणी आणि कृती खऱ्यावर आधारलेल्या आहेत, म्हणून घरी करून बघू नका. ती पाटी मुलाला मोठ्याने वाचायला लावा. खोटा आहे तो वेग. सेन्कूची भट्टी दोन-तीनदा फसते आणि मग पेटते. आमच्याकडे साधा नवा बर्नर महिनाभर नीट पेटला नव्हता.

अभ्यासाचं म्हणाल, तर त्याला विचारा, शिंपल्यांचे सेन्कूने कोणकोणते उपयोग सांगितले? शेतीला चुना, बांधकामाला चुना, साबण आणि चौथा बंदुकीच्या दारूसाठी. पटापट सांगितलं तर त्याचं बघणं फुकट जात नाही. मालिकेच्या नावातला ‘डॉक्टर’ म्हणजे साबणच, बरं का. वैद्य नसलेल्या जगात रोगराई दूर ठेवणारी वडी, म्हणून तिला सेन्कू ‘डॉक्टर स्टोन’ म्हणतो. कोकणात शिंपल्या भाजून चुना करणारी माणसं माझ्या लहानपणी मी पाहिली आहेत, त्यामुळे तो भाग बघताना मला जपान फार लांब वाटला नाही.

प्रश्न : सेन्कू ३,७०० वर्षं मनातल्या मनात सेकंद मोजत राहतो. शक्य आहे का? (बारावीचा विद्यार्थी, कराड)

नाही. ते होतात ११,६७६ कोटी सेकंद. मी टायट्रेशनचे थेंब मोजताना कुणी हाक मारली तर आकडा विसरायचो. पण हा पोरगा जागा होऊन झाडावर ५७३८ सालचा १ एप्रिल कोरतो, तेव्हा एप्रिल फूल म्हणून सोडून द्यावं की टाळी द्यावी हे नातीला आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रश्न : गुहेत वटवाघळांच्या विष्ठेतून नायट्रिक आम्ल थेंबथेंब टपकतं, त्यात दारू मिसळून दगडाची माणसं जिवंत करतात. यातलं काही खरं आहे का? (एक शिक्षक, इस्लामपूर)

सर, हा प्रश्न माझ्या आवडीचा. तीन तुकडे करू.

पहिला, विष्ठेतून नायट्रेट. खरं. जुन्या लेण्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो अमोनिया. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू नायट्रेट करतात. गावाकडे मातीच्या भिंतीला, गोठ्याच्या पायाला पांढरा लोणा लागतो, त्यातही हा शोरा असतो. बिहारात नोनिया लोक अशा मातीतून पिढ्यान् पिढ्या शोरा काढत आणि पाटण्याहून तो जहाजं भरभरून युरोपात जाई, तिथल्या तोफांसाठी.

दुसरा, त्याचं आम्ल होऊन टपकणं. इथे लेखकाने आपल्याला गंडवलंय. निसर्गात तयार झालेलं आम्ल मोकळं राहत नाही. दगडातला चुना, मातीतलं पोटॅश, जे हाताशी येईल त्याच्याशी संसार थाटतं आणि क्षार होऊन बसतं. शोऱ्यातून आम्ल परत मिळवायचं तर त्यावर गंधकाम्ल घालून, तापवून, वाफ थंड करावी लागते. आयतं मडक्यात जमा होणार नाही. सेन्कूजवळ पहिल्या दिवशी गंधकाम्ल नव्हतं, काच नव्हती. कथा पुढे सरकवायची होती म्हणून गुहा टपकली. मी माफ केलं. कारण लेखकाने ती गुहा फुकट ठेवलेली नाही. पुढची लढाई तिच्यासाठीच होते, आणि नंतर प्लॅटिनम हाती आल्यावर अमोनियापासून नायट्रिक आम्ल करण्याची वाट खुली होते. ती वाट अस्सल आहे. ऑस्टवाल्ड यांनी १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आजही कारखाने त्याच मार्गाने जातात. ते प्लॅटिनम कुणी आणि कसं कणाकणाने गोळा करून ठेवलेलं असतं ते सांगत नाही. तो भाग बघताना चष्मा पुसावा लागला.

तिसरा, आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण. त्याला नायटल म्हणतात आणि हे नाव लेखकाने बनवलेलं नाही. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गुळगुळीत घासलेल्या पोलादावर अगदी सौम्य नायटल लावतात, म्हणजे आतले कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागतात. दगडाच्या कवचाखालचं उघड करणारं द्रव्य म्हणून लेखकाने नेमकं हेच निवडलं, याला मी दाद देतो. नायटल तीव्र केलं किंवा बूच घट्ट लावून ठेवलं तर मात्र ते आपल्यालाच उघडं करतं. त्याविषयी पुढच्या पत्रात.

प्रश्न : काका, बंदुकीच्या दारूत काय काय लागतं ते मला मालिकेतून कळलं. फक्त प्रमाण सांगा ना. (वय १४, गाव लिहिलेलं नाही)

गाव लिहिलं नाहीस यावरूनच तुला उत्तर माहीत होतं, बाळा. प्रमाण मला ठाऊक आहे. सांगणार नाही. आपल्याकडे १८८४ पासून स्फोटकांचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, पण कायद्याला तू घाबरणार नाहीस, म्हणून गोष्ट सांगतो.

नोकरीच्या सातव्या वर्षी सुट्टीआधीची आवराआवर चालली होती. कुणीतरी उरलेलं नायट्रिक आम्ल टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत ओतलं. त्या बाटलीत आधीचं अल्कोहोल होतं. बूच लावणारा मीच. वीसेक मिनिटं काही झालं नाही, मी शेजारच्या खोलीत चहा घेत होतो. मग आवाज झाला. कपाटाचं दार बिजागरीतून सुटलं होतं, छतावर पिवळे डाग पडले होते आणि तांबूस धूर. बाटली ज्या फळीवर होती ती माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होती. चहा कडक होता म्हणून मी दुसरा कप घेतला, एवढ्यावर माझे डोळे शाबूत आहेत.

तुला करायचंच आहे ना काही? सेन्कू आणि त्याचा साथीदार क्रोम नदीच्या वाळूतून चुंबकाने लोहकण गोळा करतात, तो भाग आठवतो? ते कर. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि काळ्या वाळूतून फिरव. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर गेलास तर काळ्या वाळूचे पट्टेच दिसतील. पिशवीला काळी दाढी येईल. पिशवी उलटी कर, दाढी डबीत पडेल. दुपारभर बसून मूठभर जमली की कळेल, सेन्कूच्या भट्टीसाठी किती जणांनी किती दिवस वाकायला हवं.

प्रश्न : मालिकेतल्या रुरी या मुलीच्या न्यूमोनियासाठी सेन्कू रानात सल्फाचं औषध बनवतो. हे शक्य आहे का? आणि पेनिसिलीन का नाही केलं? (बी.एस्सी. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, बार्शी)

पेनिसिलीनचं उत्तर सेन्कूच देतो. योग्य बुरशी सापडणं नशिबाचं काम, सल्फाची वाट लांब पण ठरलेली. इतिहासही तसाच आहे. फ्लेमिंग यांना बुरशी दिसली १९२८ मध्ये, पण भरपूर औषध देणारा वाण अमेरिकेत पिओरिया गावच्या बाजारातल्या एका खरबुजावर सापडला तो १९४३ मध्ये. पंधरा वर्षं. रुरीला तेवढा वेळ नव्हता.

सल्फाचा इतिहास मला त्याहून गमतीचा वाटतो. सल्फानिलामाइड हा पदार्थ १९०८ मध्ये व्हिएन्नात पाउल गेल्मो यांनी तयार केला होता. औषध म्हणून नाही, रंगांच्या अभ्यासात. तो तसाच पडून राहिला. मग १९३२ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी एक लाल रंगद्रव्य उंदरांवर वापरून पाहिलं. उंदीर जगले. पण परीक्षानळीत तेच द्रव्य जंतूंना काही करेना. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला : शरीर त्या लाल रंगाचे दोन तुकडे करतं आणि खरा गुण रंगहीन तुकड्यात आहे. तो तुकडा म्हणजे गेल्मो यांचं तेच जुनं सल्फानिलामाइड. सत्तावीस वर्षं औषध बाटलीत होतं आणि लेबल चुकीचं होतं. लेबलं लावण्यात हयात घालवलेल्या माणसाला ही गोष्ट झोप लागू देत नाही.

आता शक्य आहे का ते. मांगामध्ये याचा मोठा तक्ता दिला आहे. गंधकाम्ल, मीठ, कोळसा, लघवीतून अमोनिया, असे बाण एकमेकांना मिळत शेवटी औषधाशी येतात. त्यातला एक बाण बघून मी नातीला म्हटलं, थांब, मागे घे. ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड! हे तर आमच्याकडे बी.एस्सी.ची मुलं प्रात्यक्षिकात करायची, तूही करशील. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक काढायचे, पांढरेशुभ्र चकचकीत पापुद्रे येतात, द्रवणांक ११४ अंश. आणि मी काय पाहिलं? वीस मुलांच्या तुकडीत चौघांचे पापुद्रे यायचे. बाकीच्यांचा ओला तपकिरी गोळा. तोही काच चांगली, आम्ल बाजारचं, मार्गदर्शनाला सर, अशा थाटात.

हिशेब कर. दर पायरीला शंभरातले साठ हाती आले, आणि हे चांगलं म्हणायचं, तर सहा पायऱ्यांनंतर शंभरातले पाचसुद्धा उरत नाहीत. शिवाय प्रत्येक पायरीची घाण पुढच्या पायरीत जाते. पदार्थ बनवणं ही निम्मी गोष्ट. धुणं, गाळणं, वाळवणं, पुन्हा विरघळवून पुन्हा स्फटिक काढणं ही उरलेली निम्मी, आणि ती मालिकेत गाण्याबरोबर निघून जाते. सेन्कू “एक हजार कोटी टक्के खात्री” म्हणतो तेव्हा मी मनात म्हणतो, बाबा रे, आधी द्रवणांक बघ.

शुद्धतेचं सोड, औषध कशात विरघळवलं यानेही जीव जातो. १९३७ मध्ये अमेरिकेत हेच सल्फानिलामाइड गोड सरबतासारखं विकायला एका कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. शंभरावर माणसं गेली, त्यात पुष्कळ मुलं. पुढच्या वर्षी तिथे औषधांची आधी तपासणी सक्तीची झाली.

आणखी एक खोड काढतो. साधं सल्फानिलामाइड स्ट्रेप्टोकोकसवर छान चालायचं, न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूवर तितकं नाही. त्यासाठी १९३८ च्या सुमाराचं सल्फापिरिडीन जास्त उपयोगी ठरलं. म्हणजे रुरी वाचली त्यात लेखकाची कृपाही धर.

गंधकाम्लाच्या तळ्याचा भाग मात्र शंभर नंबरी. दिसायला देखणं तळं, वर विषारी वायू, आणि सेन्कू पुढे धरतो ते चांदीचं भाल्याचं पातं; काळं पडलं की मागे फिरायचं. आमच्याकडे हायड्रोजन सल्फाइडसाठी किपचं उपकरण होतं. ते भरायचं काम माझं. सडक्या अंड्यांचा वास डब्याच्या पोळीलाही यायचा. माझी चांदीची अंगठी आठवड्यात काळी व्हायची आणि घरी दर रविवारी राखेने घासावी लागायची. वास येतोय तोवर बरं असतं. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. म्हणून आमचे जुने सर सांगत, नाकापेक्षा अंगठीवर विश्वास ठेव.

प्रश्न : आधी मांगा वाचावा की ॲनिमे बघावा? (वाचक, डोंबिवली)

रसायनासाठी मांगा. तो सल्फाचा तक्ता पानावर असला की बोट ठेवून बसता येतं, पडद्यावर तो भर्रकन जातो. बोइची यांचं दगडी चेहऱ्यांचं आणि हातांचं बारीक काम काळ्या-पांढऱ्यातच बघावं. माणसांसाठी ॲनिमे. यूसुके कोबायाशी यांनी सेन्कूला दिलेला आवाज इतका बसलाय, की आता पान वाचतानाही तोच ऐकू येतो. पहिल्या २४ भागांत गाव, काच, औषध हे सगळं येतं आणि माझ्या मते मालिका तिथेच सर्वांत चांगली आहे. पुढे जहाजं, लढाया, रडार सुरू होतं. नात त्यावर खूश आहे. मला वाटतं वस्तू जितक्या मोठ्या झाल्या तितके हात कमी दिसायला लागले.

प्रश्न : सेन्कू ज्या गवताच्या दाण्यांचं रामेन करतो ते आपल्याकडे मिळतं का? (गृहिणी, सोलापूर)

ते गवत म्हणजे आपल्या राळ्याचा रानटी पूर्वज. राळे तुमच्याकडे अजून मिळतात, इकडे शोधावे लागतात. आमच्या सौ.ने हौसेने राळ्याच्या पिठाच्या शेवया करून पाहिल्या. गव्हासारखा चिकटपणा त्यात नाही, उकळत्या पाण्यात पडताच तुकडे झाले. गूळ-दूध घालून खीर म्हणून खाल्ल्या. सेन्कूचा वैरी त्सुकासा, त्याला शरण जायला मी त्या खिरीवर तयार झालो असतो.

प्रश्न : मला त्सुकासाचं म्हणणं पटतं. म्हाताऱ्या, मालकी सांगणाऱ्या लोकांना पुन्हा जिवंत कशाला करायचं? तुम्हाला काय वाटतं? आणि तुमचं आवडतं पात्र कोणतं? (वय १९, पुणे)

दोन्हींचं उत्तर एकच आहे.

आधी त्सुकासा. इतर वाचकांसाठी : हा अंगाने बलदंड पोरगा फक्त तरुणांना दगडातून बाहेर काढायचं ठरवतो आणि मोठ्यांचे पुतळे फोडत जातो. लहानपणी बहिणीसाठी किनाऱ्यावर शिंपले वेचताना, ‘हे माझे’ म्हणणाऱ्या एका माणसाने त्याला बेदम मारलेलं असतं. त्याचा राग मला समजतो. ‘हे माझे’ म्हणणारी माणसं मीही पाहिली आहेत. एका मोठ्या साहेबांच्या खोलीत चार वर्षं खोक्यात पडून राहिलेला तराजू आम्हाला वापरायला मिळाला नाही. पण माझं वय ६७. त्सुकासाच्या हिशेबात माझा पुतळा पहिल्या दिवशी फुटणार, तेव्हा माझं मत एकतर्फी धर.

आता कासेकी. दगड न झालेल्यांच्या वंशजांचं एक गाव सेन्कूला भेटतं, तिथला हा म्हातारा कारागीर. सेन्कूला काचेचं सगळं माहीत असतं : वाळू कोणती, राख कशाची, भट्टी किती तापवायची. रस तयार होतो आणि तो फुंकायला बसतो, तर भांडं वेडंवाकडं. पुन्हा वाकडं. झाडाआडून हा म्हातारा बघत असतो. काच त्याने जन्मात पाहिलेली नाही, पण त्या पोरांचे हात चुकताहेत हे त्याला बघवत नाही. शेवटी राहवत नाही, येतो, नळी हिसकावून घेतो. त्यानंतरची प्रत्येक परीक्षानळी, प्रत्येक शंकुपात्र त्याच्या फुंकरीतून आलेलं आहे. सल्फाच्या त्या तक्त्यात त्याच्या नावाचा बाण नाही, पण तो वगळला तर एकही बाण पुढे जात नाही. आणि त्सुकासाच्या नियमाने तो जगलाच नसता.

आमच्या कॉलेजात दर उन्हाळ्यात एक काच फुंकणारे गृहस्थ यायचे. दोन दिवस व्हरांड्यात ज्योत लावून बसत. फुटलेले संघनक, तडकलेल्या तोट्या मी वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असत. काच ज्योतीत मऊ झाली की ते बोलणं थांबवत, कारण फुंकर आणि बोलणं एकाच गळ्यातून जातं. एकदा मला म्हणाले, बसा, करून बघा. मी केलेली ढवळकांडी मधेच वाकली, टोकाला गाठ आली. ते हसले नाहीत. म्हणाले, सुरी हातात घेतल्यासारखी नको, वातीसारखी धरा. मग एका वर्षी ते आले नाहीत. फुटलेलं सामान दोन वर्षं वर्तमानपत्रातच राहिलं आणि मग भंगारात गेलं, नवीन घेणं स्वस्त पडतं म्हणून.

ती वाकडी कांडी अजून माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे. कासेकीचा भाग संपला त्या रात्री नातीला दाखवली. ती लगेच लिंबाचं सरबत ढवळायला घेऊन निघाली. म्हटलं, ठेव खाली. प्रयोगशाळेतली काच तोंडाशी न्यायची नाही, ती कुणीही केलेली असो.